इंजिनातला पिवळा थर

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो बॉनेटच्या आवाजाने. आमच्या कोरीट गावात बाकीच्यांकडे त्या वेळी म्हशींच्या धारा निघत असत, आणि आमच्या ओट्यापुढे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांच्या पांढऱ्या अँबेसिडरचं बॉनेट उचलून आत डोकं घालून उभे असत. आधी कडी सुटल्याचा टक्क असा आवाज, मग बिजागऱ्यांचं कण्हणं, आणि मग बराच वेळ शांतता. त्या शांततेत ते ऑइल मोजायची लांब पट्टी बाहेर ओढत, मायच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा काढत आणि उजेडाकडे धरून निरखत. इंजिन जुनं होतं, थोडं ऑइल पीत असे. जेवढं कमी दिसेल तेवढं ते वरून ओतत, झाकण घट्ट करत आणि हात धुऊन चुलीपाशी येऊन बसत. मायने तव्यावरून उतरवलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर तेलाची धार. आमच्या घरी तेल शेंगदाण्याचं, तेलघाणीवरून आणलेलं, कोपऱ्यातल्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेलं असायचं. तो वास आणि आप्पांच्या अंगाला येणारा ऑइलचा वास मला लहानपणी एकाच घरचे वाटत.

आप्पांची उभी नोकरी सरकारी जीप चालवण्यात गेली. सातपुड्यात जिथपर्यंत रस्ता असेल तिथपर्यंत साहेबांना न्यायचं, साहेब पुढे होडीने मणिबेलीकडे गेले की ते परत येईपर्यंत जीपच्या सावलीत बसून राहायचं. त्या बसण्यात ते तिथली पावरी बोली शिकले, तिथल्या माणसांकडून मोहाच्या फुलांची भाजी करायला शिकले, आणि इंजिनाशी बोलायलाही तिथेच शिकले असं माय म्हणायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. घेतानाच ती म्हातारी होती. तिचा मीटर किती वेळा फिरून शून्यावर आला होता हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. आप्पांनी तिला असं सांभाळलं की गावातल्या नवरदेवांना तीच लागायची. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तरी लोक आमच्या ओट्याशी येऊन उभे राहत. माझा थोरला भाऊ सुरतेला नोकरीला होता, मी नंदुरबारच्या कॉलेजात शिकत होते, आणि मला गाडी चालवायला आप्पांनीच शिकवलं. वाटेत डोळे मिटायला लावत आणि विचारत, मंगल, आता कोणता आवाज वेगळा आला? मला कधीच सांगता यायचं नाही. त्यांना कायम यायचं.

गाडीचं मोठं काम असलं की ते धानोऱ्याला सलीम मिस्तरीकडे नेत. सलीम मिस्तरी आप्पांपेक्षा वयाने बराच लहान, उंच, किरकोळ, कानावर सदा विडी ठेवलेला माणूस. कडुनिंबाखाली त्यांचं गॅरेज होतं. आप्पांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुसऱ्याच्या हाताखाली काम करत, आणि स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा पहिली गाडी आप्पांनी नेऊन उभी केली होती. तेव्हापासून ईदेला शिरखुर्मा आमच्याकडे यायचा आणि अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडचे खापरावरचे मांडे त्यांच्याकडे जायचे. दोघे बोलायचे फार कमी. इंजिन चालू करून दोन बाजूंना उभे राहायचे आणि ऐकायचे, बस.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या गाडीला एक विचित्र सवय लागली. ती तापली की भज्यांचा वास यायचा. पहिल्यांदा गावातल्या बायकांनीच हसत हसत सांगितलं की तुमची गाडी गेली की गल्लीत कुणीतरी तळण काढलंय असं वाटतं. आम्हीही हसलो. मग आप्पांची ती पट्टी सहज बाहेर येईना, आणि आली की तिच्या टोकाला पाकासारखी तार सुटायची. आप्पा ती तार बोटांनी चोळून बघत आणि पट्टी पुन्हा आत घालत. आठवडे बाजाराच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन धानोऱ्याला गेले. मला वाटलं, नेहमीसारखे दोन बाजूंना उभे राहतील. पण आप्पा गाडीतून उतरले ते ओरडतच. तू भेसळीचं ऑइल घातलंस, माझ्या गाडीचा घात केलास, माणूस समजून तुझ्याकडे येत होतो, असं बरंच काही. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं बसलेली. आप्पांचा चढलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. सलीम मिस्तरींनी हातातला पाना खाली ठेवला, स्टूल पुसलं आणि बसायला सांगितलं, चहा मागवतो म्हणाले. आप्पांनी स्टूल पायाने बाजूला सारलं. परत येताना अर्ध्या वाटेत त्यांनी मला विचारलं की आपण कुठे निघालोय.

मला वाटलं, रागात माणसाला सुचत नाही.

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाची आहे. एखादा शब्द जिभेवर येऊन अडला, दुधाचं पातेलं गॅसवर राहून उतू गेलं, की माझी मुलं हसतात आणि मी हसत नाही. तेव्हा मात्र आम्हाला या आजाराचं नावसुद्धा माहीत नव्हतं. म्हातारपणी माणूस चिडका होतो, विसराळू होतो, एवढंच सगळे म्हणत, आणि आप्पा तर अजून म्हातारेही वाटत नव्हते. चाळीस किलोची गोणी एकटे उचलत.

त्यानंतर काही दिवसांनी नंदुरबारहून परतताना गाडी बंद पडली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, दोन्ही बाजूंना लालभडक मिरची वाळत पडलेली, नाकाला झोंबणारा वारा, आणि समोर ऑइलचा लाल दिवा लागला. हा दिवा लागला की गाडी जागच्या जागी थांबवायची, मग रस्त्यात कुठे का असेना, हे आप्पांनी मला स्टिअरिंगला हात लावू देण्याआधी शिकवलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, लाल दिवा लागना." ते म्हणाले, "दिखी ऱ्हायना माले." दिसतोय म्हणाले, आणि तरी चालवत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते त्या दिव्याकडे असे बघत होते, जसं एखादं लहान मूल देवघरातल्या दिव्याकडे बघतं. मी पुन्हा सांगितलं, मग त्यांचा हात धरला. तोवर इंजिनातून घणाचे घाव पडल्यासारखा आवाज सुरू झाला आणि एका कापसाच्या शेताशी गाडी थांबली ती थांबलीच. आप्पा खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून आम्हाला घरी ओढत आणलं, तेव्हाही ते तसेच बसून होते, जणू तेच चालवत आहेत.

मायने धानोऱ्याला निरोप धाडला. चार गिऱ्हाइकांसमोर जो माणूस इतकं ऐकून घेतो तो येणार नाही असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम मिस्तरी हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या अंगणात उभे होते. आप्पा शेतात गेलेले. मिस्तरींनी त्यांची चौकशी केली नाही, मायने दिलेलं पाणी प्यायले आणि कामाला लागले. इंजिनावरचं लांब झाकण काढून त्यांनी उलटं केलं आणि तसेच थबकले. मी जवळ गेले. जिथे काळं, ओघळणारं ऑइल असायला हवं होतं तिथे मधासारखा पिवळा थर बसला होता. दिसायला चकचकीत, जणू व्हार्निश लावलंय. नखाने उचकटला तर रबरासारखा ताणला जायचा.

मिस्तरींनी त्या दिवशी जे केलं ते मला पायरी पायरीने आठवतं, कारण मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि मला त्यात रस वाटत होता. इतका रस की हे आपल्याच घराचं काही उघडलं जातंय हे माझ्या ध्यानातही आलं नाही. ते म्हणाले, पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असतं, तसं नाहीये. रॉकेलची भेसळ असती तर ऑइल पातळ झालं असतं, तसंही नाही. कुणी टाकीत साखर टाकली असेल का, असं मी विचारलं, कारण सिनेमात तसं पाहिलं होतं. त्यांनी मान हलवली. खालचं चेंबर उतरवलं तर ऑइल ओढून घेणारी जाळी खळीसारख्या गोळ्याने पूर्ण बुजलेली. इंजिनला ऑइल पोचतच नव्हतं. त्यांनी झाकणाला रॉकेल लावलं, मग पेट्रोल. जुन्या इंजिनातली कसलीही घाण पेट्रोलने सुटते. हा थर ढिम्म हलला नाही. मिस्तरी उकिडवे बसून ते झाकण या हातातून त्या हातात घेत राहिले. शेवटी म्हणाले की माझं अर्धं आयुष्य यात गेलं, पण हे काय आहे ते मला कळत नाही. आप्पांचं म्हणणंच खरं असेल, मला दुकानदाराने खोटं ऑइल दिलं असेल. आणि ते खरोखरच तसं मानून बसले होते, चेहरा पडला होता त्यांचा.

त्यांच्यासाठी चहा घेऊन माय बाहेर आली. कप खाली ठेवताना तिची नजर झाकणावर गेली. तिने ते उचललं, नखाने थोडा थर खरवडला, नाकाशी नेला. मग आत गेली. चुलीवर घमेलं ठेवल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती उकळतं पाणी घेऊन आली, त्यात तिने मूठभर धुण्याचा सोडा टाकला होता, सणावाराला तळण झालं की ती कढई साफ करायला टाकायची तसा. झाकण तिने त्यात बुडवलं. आम्ही तिघं बघत उभे. पिवळा थर आधी सुरकुतला, मग कडेने सुटला आणि सालीसारखा पाण्यावर तरंगायला लागला.

"हाई इंजिनमातलं नई," माय म्हणाली. "हाई मन्ही कढईवरलं शे."

मला अजून कळलं नव्हतं. मिस्तरींना कळलं. त्यांनी तोंड फिरवून अंगणाबाहेर बघितलं. माय ओट्याच्या पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागली. घाणीवरून आणलेलं तेल महिनाभरसुद्धा पुरत नव्हतं. एकदा पहाटे तिने आप्पांना तेलाच्या डब्यातून लोटा भरून बाहेर नेताना पाहिलं होतं. विचारलं तर ते म्हणाले, गुडघ्यांना चोळायला. तिने ते मानलं, कारण मानायचं होतं. बाकीचंही ती मानत आली होती. आप्पा सदऱ्यावर सदरा घालत, ती वरचा काढून ठेवी. शेताची वाट चुकून दुपारी भलत्याच दिशेने घरी येत, ती विचारत नसे. पाहुणे आले की ती त्यांच्या जवळ बसे आणि पाहुण्यांची नावं मोठ्याने घेत बोले, म्हणजे आप्पांना कळावं समोर कोण आहे. मला तर वाटायचं की मायला हल्ली पाहुण्यांत मिरवायला आवडतं. एकदा दुपारी तिच्याशी ते पावरीत बोलायला लागले होते, तिला एक शब्द कळत नव्हता, आणि ती नुसतं हो हो म्हणत भाकऱ्या थापत राहिली होती.

"कितला दिनपासून माले दिखी ऱ्हायनं," ती म्हणाली. "सांगू कोनले?"

ती रडली नाही. मीही नाही. अंगणात पोत्यावर इंजिनाचे भाग ओळीने मांडून ठेवले होते, घमेल्यातलं पाणी निवत होतं. रोज पहाटे त्या शांततेत, ज्या माणसाला मी जगातला सर्वांत सावध माणूस समजत होते, तो स्वतःच्या हाताने, जिवापाड जपून, आपल्या गाडीत शेंगदाण्याचं तेल ओतत होता. पट्टी पुसून, उजेडाकडे धरून, तसूभरही चूक होऊ न देता.

तेवढ्यात आप्पा आले. खांद्यावर टॉवेल, पायांना चिखल. सलीम मिस्तरींना पाहून ते फाटकापाशीच थांबले, मग त्यांची नजर पोत्यावर पसरलेल्या भागांवर गेली. माय उठून उभी राहिली. तिचा चेहरा मला आजही तसाच दिसतो, चोरी पकडली गेल्यासारखा. ती काही बोलायच्या आत मिस्तरी पुढे झाले.

"आप्पा, तुम्ही खरं सांगतत," ते म्हणाले. "चूक मन्ही शे. दुसरा डबामातलं तेल मीच टाकी दिन्हं."

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हात पुसले. मग म्हणाले, मी सांगितलंच होतं. आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखा होता तो आवाज. त्यांनी मायला सांगितलं की मिस्तरींचा चहा गार झाला असेल, दुसरा कर.

मिस्तरींनी त्यानंतर ती गाडी कधी दुरुस्त केली नाही. मुद्दाम केली नाही. सुरतेहून एक भाग यायचाय, असं त्यांनी आप्पांना सांगितलं आणि पुढच्या दोन अखजी तो भाग येतच राहिला. आप्पा रोज गाडीच्या काचा पुसत, आत बसत, बाहेर येऊन मला विचारत की सलीमचा निरोप आला का. येत्या आठवड्यात, असं मी सांगायची. घरातला तेलाचा डबा माय धान्याच्या कोठीमागे ठेवायला लागली. आणि पारावर बसलं की आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत की धानोऱ्याच्या मिस्तरीकडे गाडी नेऊ नका, त्याने माझ्या इंजिनाचा सत्यानाश केला, त्याने स्वतः कबूल केलंय. लोकांनी ऐकलं. मिस्तरींची गिऱ्हाइकं कमी झाली हे आमच्या कानावर आलं. माय एकदा माझ्याबरोबर एसटीने धानोऱ्याला गेली आणि त्यांना म्हणाली की आता मी लोकांना खरं सांगून टाकते. मिस्तरी म्हणाले, बाई, गाड्या परत येतील. आप्पांना एकदा लोक हसले की ते परत फिरवता येणार नाही.

या गोष्टीला इतकी वर्षं झाली. आता गाडीला वायर जोडली की पडद्यावर दोष लिहून येतो, माझ्या मुलाच्या गाडीला तसंच करतात. मला दर वेळी वाटतं की त्या दिवशी तसं असतं तरी पडद्यावर फक्त तेल चुकीचं एवढंच आलं असतं. गाडी शेवटी भंगारात गेली. आप्पा त्यानंतरही काही वर्षं होते. शेवटी शेवटी ते जेवणही विसरले, पण त्या काळाबद्दल मला लिहवत नाही. माझ्या मनात त्यांचा शेवट थोडा आधीच होतो.

ती हिवाळ्यातली सकाळ होती. आप्पा घरात नव्हते. शेतात नव्हते, पारावर नव्हते, मारुतीच्या देवळात नव्हते. माय अनवाणीच शेतांच्या बांधांवरून हाका मारत फिरली. गल्लीतली माणसं निघाली, कुणी विहिरीत डोकावून आलं. दुपारच्या सुमारास एक दूधवाला सांगत आला की आप्पांना धानोऱ्याच्या वाटेवर पायी जाताना पाहिलं. मी शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर बसून निघाले. गॅरेजच्या अलीकडेच उतरले, कारण लांबूनच मला ते दिसले. कडुनिंबाखाली स्टुलावर बसले होते, पाय धुळीने गुडघ्यापर्यंत भरलेले, हातात चहाची बशी. समोर सलीम मिस्तरी उकिडवे बसून चिंधीने त्यांचे तळपाय पुसत होते. मी झाडाआड थांबले. हाक मारावीशी वाटली नाही.

आप्पा मिस्तरींशी परक्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते, हळू आणि अदबीने. ते म्हणाले, या गावात एक मिस्तरी होता. नाव सलीम. चांगला पोऱ्या होता. मी त्याला चार लोकांत नको ते बोललो.

"चूक मन्ही व्हती," आप्पा म्हणाले. "त्यानी नई. माले म्हाईत व्हतं. तो तुले कधी भेटना, ते त्याले सांगजो."

मिस्तरींचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. मग चिंधीची घडी फिरवून त्यांनी दुसरा तळपाय पुसायला घेतला.

"त्याले राग नई उना, आप्पा," ते म्हणाले. "मी वळखस त्याले."

आप्पांनी बशीतला राहिलेला चहा संपवला, बशी जपून खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"तरी सांगजो," ते म्हणाले.